अमूर्त व्यक्तिचित्राला राजकीय संदर्भ लावायचा, पण किती आणि कुठून?

आडवीरेघ (प्रश्न)

मार्सडन हार्टली या अमेरिकी चित्रकाराच्या ‘पोर्ट्रेट ऑफ अ जर्मन ऑफिसर’ (१९१४) या चित्रावर दीड हजार शब्दांचं टिपण लिहायचं आहे. तैलरंगातलं चित्र, १७३.४ बाय १०५.१ सेंटिमीटर, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात. नाव व्यक्तिचित्राचं, पण नाक-डोळे सोडाच, माणसाची बाह्यरेषाही नाही. काळ्या पार्श्वभूमीवर झेंड्यांचे तुकडे, लष्करी पदक, आकडे, अक्षरं, काळे-पांढरे चौकोन, सगळं एकमेकांवर चढलेलं.

पहिला मसुदा साधारण असा झालाय:

“काळा रंग म्हणजे युद्धाची छाया, त्रिकोण म्हणजे सत्ता, तुटलेले आकार म्हणजे महायुद्धात झालेली युरोपची वाताहत. चित्रकार इथे युद्धाच्या अमानुषतेचा निषेध करतो.”

वाचायला बरं वाटतं. पण हेच चार शब्द त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही चित्राखाली चिकटवले तरी खपतील, अशी शंका येते. संदर्भ काढून टाकावा तर हाती उरतं ते ‘लाल आणि काळ्याचा ताण’ छापाचं.

विचारायचं ते असं. आधी चित्र पाहायचं की आधी इतिहास वाचायचा? चित्रातली कुठली गोष्ट खरोखर संकेत आहे आणि कुठली नुसती रचनेची गरज, हे ठरवायचं कसं? आणि चित्रकारानेच ‘यात कसलंही दडलेलं प्रतीक नाही’ असं म्हणून ठेवलंय (हार्टलीने म्हटलंय), मग आपण अर्थ काढणारे कोण?

खडूचूर

तुम्हाला आलेली शंका हीच चाळणी म्हणून वापरा. मसुद्यातलं प्रत्येक वाक्य उचला, हार्टलीचं नाव खोडा आणि त्याच वर्षातल्या दुसऱ्या एखाद्या चित्राचं नाव तिथे घाला. वाक्य तसंच्या तसं चाललं, तर ते या चित्राबद्दल काहीच सांगत नाही. तुमची चारही विधानं या चाळणीतून खाली पडतात.

आता क्रम. आधी चित्र, तेही शीर्षक झाकून, निदान वीस मिनिटं. नुसतं बघत बसायचं नाही, यादी करायची. कागदावर उभा आयत काढा, त्याचे तीन बाय तीन असे नऊ भाग पाडा आणि प्रत्येक भागात दिसतं ते लिहा. ‘क्रूस’ नको, ‘चारही बाहू टोकाकडे रुंद होत गेलेला काळा क्रूस, पांढऱ्या कडेचा’ असं. ‘झेंडा’ नको, ‘काळा-पांढरा-लाल असे पट्टे’. कुठला आकार कुणावर चढलाय, कुणाची कड कुणामुळे कापली गेलीय, हेही नोंदवा. अमूर्त चित्रात हा वर-खालचा क्रम फार बोलका असतो आणि नेमका तोच लोक विसरतात.

मग यादीचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात ज्याला कागदोपत्री पुरावा लागतो ते. या चित्रात डावीकडे खाली ‘के. व्ही. एफ.’ ही आद्याक्षरं आहेत, २४ आणि ४ हे आकडे आहेत. नुसतं बघत राहून यांचा अर्थ उमगणार नाही. आद्याक्षरं कार्ल फॉन फ्रायबुर्ग या तरुण प्रशियन अधिकाऱ्याची. तो ७ ऑक्टोबर १९१४ रोजी लढाईत मारला गेला, तेव्हा त्याचं वय २४. चार हा त्याच्या रेजिमेंटचा क्रमांक. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा संबंध त्याच्या बुद्धिबळाच्या आवडीशी लावला जातो. हे उलगडले ते मुख्यतः आर्नोल्ड रनेबेक यांच्या खुलाशामुळे. ते शिल्पकार, हार्टलीचे मित्र आणि फ्रायबुर्गचे नातेवाईक. म्हणजे या ढिगातलं काहीही लिहिताना ‘हे आपल्याला कुणामुळे कळलं’ हे त्याच परिच्छेदात यायला हवं.

दुसऱ्या ढिगात त्या काळच्या कुणालाही ओळखू आलं असतं ते. काळा-पांढरा-लाल हा जर्मन साम्राज्याचा झेंडा, निळे-पांढरे तिरपे चौकोन बव्हेरिया या जर्मन राज्याचे, क्रूस म्हणजे आयर्न क्रॉस हे शौर्यपदक. यासाठी खासगी पत्रं लागत नाहीत, त्या काळाची सार्वजनिक माहिती लागते. पण ती बारकाईने हवी. आयर्न क्रॉस हे कायम चालू असलेलं पदक नव्हतं. १८१३ साली ते सुरू झालं, १८७० मध्ये आणि १९१४ मध्ये युद्धाच्या निमित्ताने पुन्हा जारी केलं गेलं. १९१४ च्या शेवटी ते चित्रात येणं म्हणजे नुसतं ‘लष्कर’ नव्हे, चालू युद्ध.

तिसऱ्या ढिगात जे कशाचंच चिन्ह नाही ते: रंगलेपाची जाडी, गर्दी, काळी पार्श्वभूमी, सगळं मधोमध रचून उभं केल्यासारखी मांडणी. इथे अर्थ ‘लावता येतो’, ‘असतो’ म्हणायचं नाही. आणि इथला अर्थ पहिल्या दोन ढिगांना टेकूनच उभा राहतो, स्वतंत्र नाही. काळा रंग एरवी कशाचाही असू शकतो. पण मारल्या गेलेल्या माणसाची आद्याक्षरं, त्याचं वय आणि मागे काळं, असं एकत्र आल्यावर शोक म्हणणं वाजवी ठरतं.

मसुदा फसला कारण तुम्ही तिसऱ्या ढिगापासून सुरुवात केलीत. सगळेच करतात म्हणा, कारण त्याला काही शोधावं लागत नाही.

पाठकोरी

खडूचूर यांच्या ढिगांना पूर्ण अनुमोदन, पण त्याआधी तारखेचा हिशेब. ‘१९१४’ एवढ्याने भागत नाही, महिना लागतो.

हे चित्र नोव्हेंबर १९१४ चं, बर्लिनमध्ये रंगवलेलं. युद्ध ऑगस्टमध्ये सुरू झालेलं, म्हणजे तीन-चार महिने झालेत. वर्दं आणि सोम या लढाया १९१६ च्या. आपण ज्याला पहिल्या महायुद्धाची वाताहत म्हणतो, खंदकांत कुजणारी एक अख्खी पिढी, ते चित्र त्या वेळी कुणाच्याच डोळ्यांपुढे पूर्ण उभं नव्हतं. तुमचं तिसरं विधान चित्रकाराला त्याच्या भविष्यातली माहिती देऊन बसतं. राजकीय संदर्भ लावताना सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

तीन रकाने करा. पहिल्यात घटना तारखेसह. दुसऱ्यात चित्रकाराला ती त्या दिवशी ठाऊक असायची शक्यता किती, आणि कशावरून. तिसऱ्यात चित्र पहिल्यांदा लोकांसमोर आलं तेव्हा प्रेक्षकाला काय ठाऊक होतं. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळे निघाले की समजा हाती काहीतरी लागलं.

हार्टलीच्या बाबतीत ते फार वेगळे निघतात. १९१३ पासून तो बर्लिनमध्ये होता आणि तिथल्या संचलनांचं, गणवेशांचं, पिसांच्या टोपांचं त्याला उघड आकर्षण होतं. त्यामुळे ‘युद्धाचा निषेध’ हेही सरळ टिकत नाही. ज्या लष्करी थाटाने तो भारावला होता, तोच थाट इथे एका मृताची ओळख बनून आलाय. कौतुक आणि शोक एकाच रंगात मिसळलेत. चित्र अस्वस्थ करतं ते त्यामुळे, आणि ‘निषेध’ हा शब्द लिहिला की ही गुंतागुंतच पुसली जाते.

आता तिसरा रकाना. १९१५ च्या शेवटी तो अमेरिकेत परतला आणि एप्रिल १९१६ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झच्या ‘२९१’ या न्यूयॉर्कच्या छोट्या गॅलरीत ही चित्रं लागली. मधल्या काळात, मे १९१५ मध्ये, जर्मन पाणबुडीने लुसिटानिया ही प्रवासी बोट बुडवली होती आणि मृतांत शंभरावर अमेरिकी होते. त्या शहरात, त्या वर्षी, जर्मन झेंडे आणि आयर्न क्रॉस असलेली चित्रं भिंतीवर! अमेरिका युद्धात उतरली ती पुढच्या वर्षी, एप्रिल १९१७ मध्ये. ‘दडलेलं प्रतीक नाही, रोज सहज नजरेला पडलेले हे आकार’ या आशयाचं हार्टलीचं निवेदन या प्रदर्शनाच्या वेळचं आहे.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं: चित्रकाराचं निवेदन हा पुरावा असतो, पण चित्राचा कमी आणि ते ज्या प्रसंगी केलं त्या प्रसंगाचा जास्त. कुणापुढे, कधी, काय पणाला लागलेलं असताना तो बोलतोय हे आधी लिहा. मग चित्राशी ताडून बघा. ‘रोज दिसणारे आकार’ हे झेंड्यांना लागू पडेल, एका विशिष्ट मृत माणसाच्या आद्याक्षरांना आणि वयाला पडणार नाही. निवेदन आणि कॅनव्हास यांत फट आहे, आणि ती दाखवणं हेच तुमच्या टिपणाचं मुख्य काम होऊ शकेल.

एक बाजू याहून नाजूक. हार्टलीचं फ्रायबुर्गवर प्रेम होतं, असं त्याच्या पत्रांच्या आधाराने बहुतेक अभ्यासक मानतात. जर्मन दंडसंहितेचं कलम १७५ पुरुषांमधले लैंगिक संबंध गुन्हा ठरवत होतं. चेहरा नसण्यामागे हेही कारण असू शकतं, कारण चेहरा काढला की जाहीर शोक आला आणि जाहीर शोकाचा हक्क कुणाला, हा प्रश्न आला. पण वाक्य तोलून लिहा. चिन्हांमागे लपून शोक ‘करता आला’ असं म्हणा, ‘म्हणूनच चेहरा काढला नाही’ असं नको. त्या काळात चेहरा न काढण्याची निव्वळ चित्रकलेतली कारणंही होती. घनवाद (क्युबिझम, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून मांडणारी शैली) येऊन पाच-सात वर्षं झालेली होती आणि पॅरिसमध्ये हार्टलीने तो जवळून पाहिलेला होता.

तिरकाब्रश

थोडा विरोध करतो. हार्टलीचं चित्र हे कुलूप-किल्लीचं उदाहरण आहे. अक्षरं आहेत, आकडे आहेत, वर खुलासा करणारा मित्रही आहे. यावरून पद्धत शिकलात तर पुढच्या प्रत्येक अमूर्त चित्रात किल्ली शोधत बसाल. बहुतेक चित्रांत ती नसते.

विसाव्या शतकातला ब्रिटिश चित्रकार फ्रान्सिस बेकन घ्या. ‘हेड ६’ हे १९४९ चं: पोपची जांभळी वस्त्रं, उघडं किंचाळणारं तोंड, कपाळापासून वर डोकं जवळजवळ विरून गेलेलं, आणि भोवती काचेच्या पेटीसारखी रेषांची चौकट. या पेटीकडे बोट दाखवून ‘आइखमान खटला’ असं म्हणणारे भेटतात. ज्यूंच्या हत्याकांडातला नाझी अधिकारी अॅडॉल्फ आइखमान याला जेरुसलेमच्या न्यायालयात गोळीने न भेदणाऱ्या काचेच्या पिंजऱ्यात बसवलं ते १९६१ साली. चित्र बारा वर्षं आधीचं. पाठकोरींचा रकाना इथे एका फटक्यात निकाल लावतो.

पण निकाल लागला म्हणून विषय संपत नाही. १९६१ नंतर ते चित्र पाहणाऱ्याच्या डोक्यात तो पिंजरा येणारच. ते खोटं नाही, फक्त ते चित्र घडण्याचं कारण नाही, चित्र वाचलं जाण्याचा इतिहास आहे. वाक्यरचनेतच फरक दाखवा: “बेकनने आरोपीचा पिंजरा रंगवला” आणि “१९६१ नंतरच्या प्रेक्षकाला ती चौकट आरोपीच्या पिंजऱ्यासारखी दिसू लागली”. पहिलं चूक, दुसरं शक्य. बेकनचं स्वतःचं म्हणणं, ही चौकट नजर प्रतिमेवर खिळवण्यासाठी आहे. त्यावरही खडूचूर आणि पाठकोरींचे नियम लावा, सूट द्यायचं कारण नाही.

मग बेकनमध्ये राजकारण शोधायचं कुठे? त्याने काय समोर ठेवून काय बदललं, तिथे. स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझने १६५० च्या सुमारास रंगवलेलं पोप दहावा इनोसंट याचं व्यक्तिचित्र रोमच्या डोरिया पाम्फिली संग्रहात आहे. तोंड घट्ट मिटलेला, समोरच्याला जोखणारा सत्ताधीश. बेकनने मूळ चित्रासमोर उभं न राहता छापील प्रती वापरल्या, आणि तोंड उघडलं ते ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५) या चित्रपटातल्या, चष्मा फुटलेल्या रक्ताळलेल्या बाईचं स्थिरचित्र मनात धरून. म्हणजे सत्तेच्या आसनावर बळी पडलेल्या माणसाचं तोंड. हा बदल मोजता येतो, दोन प्रतिमा शेजारी ठेवून दाखवता येतो. “युद्धोत्तर युरोपची अस्वस्थता” हे त्याच्यापुढे वाफ आहे.

तेव्हा किल्ली नसेल तर पूर्वज शोधा. हे व्यक्तिचित्र कुठल्या आधीच्या प्रकारच्या व्यक्तिचित्राला मोडतंय? राजाचं, पोपचं, सेनानीचं, कुटुंबाचं? त्या प्रकाराचे नियम लिहून काढा (आसन, गणवेश, पूर्ण उंची, समोर नजर) आणि यातला कुठला नियम ठेवलाय, कुठला तोडलाय ते पाहा. हार्टलीलाही हे लावून बघा. अधिकाऱ्याच्या परंपरागत व्यक्तिचित्रात माणूस असतो आणि पदकं त्याच्यावर असतात. इथे पदकं राहिली आणि माणूस गेला. तुम्हाला ‘राजकीय’ विधान हवंच असेल तर ते इथे आहे, त्रिकोणात नाही.

खडूचूर

तिरकाब्रश, मान्य. पूर्वजाचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता.

उलटाकॅनव्हास

तारखेबद्दल बोलताय म्हणून एक सावधगिरी. चित्रावर लिहिलेली तारीख आणि चित्र रंगवल्याची तारीख एकच असते असं गृहीत धरू नका.

सोव्हिएत रशियातला चित्रकार काझिमिर मालेविच हे याचं सगळ्यांत पस्तावायला लावणारं उदाहरण. १९२७ मध्ये आपली बरीच चित्रं बर्लिनमध्ये सोडून तो परतला. १९२९ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत त्याचं मोठं प्रदर्शन झालं, आणि या उत्तरकाळात रंगवलेल्या कित्येक चित्रांवर त्याने आधीच्या, विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकातल्या तारखा घातल्या. अनेक वर्षं लोक त्या खऱ्या धरून त्याच्या वाटचालीचा आलेख मांडत राहिले.

याच काळातलं ‘पिवळ्या सदऱ्यातली अर्धाकृती’ म्हणून ओळखलं जाणारं चित्र पाहा. पिवळा सदरा घातलेला माणूस, चेहऱ्याच्या जागी रिकामा अंडाकार, मागे आडवे रंगपट्टे, आणि क्षितिजावर खिडक्या नसलेलं लाल घर. पाठीवर मालेविचच्या हस्ताक्षरात नोंद आहे की ही रचना रितेपण, एकटेपण आणि जगण्यातून सुटका नसणं या भावनांच्या घटकांतून झाली. शेजारी तारीख, १९१३. संग्रहालय चित्र १९२८ ते १९३२ मधलं मानतं.

तारीख १९१३ धरा: क्रांतीआधीच्या एका प्रयोगशील चित्रकाराचा खेडूत, एवढंच. १९३० च्या आसपास धरा: शेतीचं सक्तीचं सामूहिकीकरण सुरू आहे, खुद्द मालेविचला १९३० च्या शरदात अटक होऊन चौकशी झालेली आहे, आणि हा चेहरा नसलेला खेडूत बंद घरापुढे उभा आहे. आकार तेच, रंग तेच. तारीख बदलली आणि अर्थ उलटला. आता इथेही हात आवरा: १९३२-३३ चा भीषण दुष्काळ या चित्रात वाचण्याचा मोह होतो, पण मान्य कालखंडाचा बहुतेक भाग त्याच्या आधीचा आहे.

म्हणून तपासायचं ते असं. सहीची तारीख पुढे आहे की पाठीवर? संग्रहालय तारीख देताना ‘सुमारे’ म्हणतं का? प्रदर्शनांच्या यादीत चित्र पहिल्यांदा कधी दिसतं? शीर्षक कुणी दिलं, चित्रकाराने, विक्रेत्याने की नंतर सूची करणाऱ्याने? शेवटचा प्रश्न अमूर्त व्यक्तिचित्रात जीवघेणा आहे, कारण अनेकदा ‘हे व्यक्तिचित्र आहे’ ही माहिती फक्त शीर्षकातून आलेली असते.

पाठीची छायाचित्रं ऑनलाइन क्वचितच मिळतात. पण संग्रहालयाच्या नोंदीत ‘पाठीवरील मजकूर’ असा भाग बहुतेक वेळा असतो, आणि तो वाचायला कुणीच जात नाही.

जाडलेप

इतका वेळ सगळे चिन्हांवर आणि तारखांवर अडकलेत, रंगद्रव्याकडे कुणी वळलं नाही. राजकारण तिथेही शिरतं.

फ्रेंच चित्रकार झाँ फोत्रिये, ‘ओलिस’ ही चित्रमालिका, १९४३ ते १९४५. जर्मनांच्या ताब्यातलं फ्रान्स. जानेवारी १९४३ मध्ये फोत्रियेला गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) पकडून सोडलं, मग तो पॅरिसबाहेर शातने-मालाब्रीच्या एका रुग्णालयाच्या आवारात लपून राहिला. जवळच्या रानात जर्मन सैनिक कैद्यांना गोळ्या घालत, ते कानावर येई. त्याने जे ऐकलं ते पाहिलं नव्हतं, ही बाब महत्त्वाची. या ‘डोक्यां’ना चेहरे नाहीत.

आता कृती. कॅनव्हासवर कागद चिकटवलेला. त्यावर खडूची भुकटी आणि सरस यांची लापशी सुरीने थापून जाड थर केलेला. त्यावर पेस्टलची पूड आणि पातळ रंग, वर चारदोन रेषा. म्हणजे रंग लगद्यात मुरलेला नसतो, वरवर बसलेला असतो. त्वचेसारखा, किंवा भुकटी लावलेल्या चेहऱ्यासारखा. खाली मांसल गोळा, वर गुलाबी-हिरवट नाजूक झाक. १९४५ च्या शरदात पॅरिसमध्ये रने द्रुएं यांच्या गॅलरीत ही चित्रं लागली तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या लेखक आंद्रे मालरोलाही त्या कोवळ्या गुलाबी-हिरव्याबद्दल शंका होती. गोळ्या घातलेल्या माणसांचा रंग इतका गोड कसा?

हा प्रश्न सोडवायचा नसतो, टिपणात उघडा ठेवायचा असतो. संदर्भाशी न जुळणारी गोष्ट दिसली की तिला खाली दाबू नका. संदर्भ जे स्पष्ट करू शकत नाही, तिथेच चित्र चित्र म्हणून काम करत असतं. मालिकेतली अनेक चित्रं डोक्याच्या मापाची, लहान आहेत, आणि एका ओळीत टांगली की प्रत्येक डोकं जवळजवळ शेजारच्यासारखंच दिसतं. व्यक्तिचित्राचं मूळ काम माणूस वेगळा ओळखू येणं. इथे ते जाणूनबुजून हाणून पाडलंय.

मापाचा विषय निघालाच आहे, तर हार्टलीसाठी हे करा. वर्तमानपत्रं चिकटवून १७३ बाय १०५ सेंटिमीटरचा कागद तयार करा आणि भिंतीवर, तळ जमिनीपासून साधारण ५० सेंटिमीटर वर येईल असा लावा. नऊ भागांच्या रेघा त्यावर खडूने मारा. मोबाइलवर ते चित्र पदकांच्या डबीएवढं वाटतं. भिंतीवर कळतं की उंची पुरत्या वाढलेल्या माणसाएवढी आहे आणि रुंदी खांद्यांच्या जवळजवळ दुप्पट. मधली ती रचलेली रास बरोबर धडाच्या जागी येते. ‘माणसाची बाह्यरेषाही नाही’ हे तुमचं वाक्य मग बदलावं लागेल.

आणि काळ्या रंगाबद्दल काहीही लिहिण्याआधी निदान दोन वेगवेगळी छायाचित्रं शेजारी ठेवा. पडद्यावर गडद भाग गिळले जातात, काळ्यावरचे ब्रशचे फटकारे सपाट होतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं मोठं छायाचित्र घेऊन कडा शंभर टक्के मोठ्या करून पाहा, शोधयंत्रात आलेलं पहिलं चित्र नको.

आडवीरेघ

सगळ्यांचे आभार. वर्तमानपत्राचा प्रयोग केला, आणि हो, ते वाक्य गेलं. दोन शंका राहिल्या.

एक, चित्रात ‘ई’ हे अक्षरही आहे. एका ठिकाणी त्याचा संबंध बव्हेरियाच्या रेल्वेच्या लष्करी तुकडीशी लावलाय, दुसरीकडे राणी एलिझाबेथच्या नावाच्या रेजिमेंटशी, तिसरीकडे हार्टलीच्या मूळ ‘एडमंड’ या नावाशी. यातलं कुठलं घेऊ?

दोन, नवा परिच्छेद असा झालाय, बघता का:

“नोव्हेंबर १९१४ मध्ये हार्टलीने एका मृत अधिकाऱ्याचं व्यक्तिचित्र केलं आणि त्यात फक्त अधिकाऱ्याला राहू दिलं. पदक, रेजिमेंटचा आकडा, झेंडे, हे सगळं सैन्याने दिलेलं. सैन्याने न दिलेल्या गोष्टी कदाचित तीनच: नाव, वय आणि बुद्धिबळाचा पट. त्या आकाराने लहान आणि कडेला आहेत. हार्टली येथे राष्ट्रवादाने व्यक्तीला कसं गिळंकृत केलं ते सिद्ध करतो. ‘ई’ या अक्षराचा अर्थ कदाचित रेजिमेंटशी, कदाचित स्वतः चित्रकाराशी जोडलेला असावा.”

पाठकोरी

सैन्याने दिलेलं आणि न दिलेलं ही विभागणी चांगली आहे, आणि ती कॅनव्हासवर बोट ठेवून दाखवता येते. मसुद्यातल्या ‘छाये’पेक्षा कितीतरी पुढे. ‘सिद्ध करतो’ हे वाक्य मात्र काढा. चित्र काही सिद्ध करत नाही, आणि ‘राष्ट्रवादाने गिळलं’ हे पुन्हा पहिल्या मसुद्याच्या वळणावर जातंय. गिळलं म्हणायचं तर झेंड्यांचे इतके उजळ, प्रेमाने लावलेले रंग अडचणीचे ठरतात. त्या जागी ती अडचणच लिहा.

शिवाय ‘लहान आणि कडेला’ हे नऊ भागांच्या आराखड्यावर एकदा पडताळा. आद्याक्षरांबद्दल ते खरं आहे. चौकोनांचा पट मात्र जागा बरीच घेतो, त्याला त्यांच्या बरोबरीने बसवू नका.

खडूचूर

‘ई’ बद्दल: निवड करायची गरज नाही. तिन्ही अर्थ एका वाक्यात द्या, प्रत्येकाला कशाचा आधार आहे ते पाच-सहा शब्दांत सांगा आणि पुढे चला. एकच निवडून त्यावर निष्कर्ष उभारलात तर तो आधार निसटला की सगळा परिच्छेद कोसळेल. तुमचा मुख्य मुद्दा ‘ई’ शिवायही उभा राहतो, हे त्यातल्या त्यात बरं.

‘येथे’ च्या जागी ‘इथे’ करा, बाकी सगळं बोली भाषेत आहे. आणि ‘कदाचित’ तीनदा आलंय. नाव, वय आणि पट यांच्याआधीचं तर काढाच. तिथे ‘कदाचित’ नाही, तुम्ही मोजलंय.